बोलायला बंदी

“पण मग हौसा परत का गेली? आधी तेवढं सांगा मला.”

शर्वाणीने नमस्कार केला नव्हता की नाव सांगितलं नव्हतं. कराडच्या त्या दातांच्या दवाखान्यात ती आत्याला घेऊन आली होती. आत्या आत खुर्चीवर होती. बाहेर समोरच्या बाकावर कादंबरीकार विमल नेर्लेकर बसलेल्या दिसल्या, आणि कॉलेजपासून साठवलेला प्रश्न तिच्या तोंडून निघून गेला.

नेर्लेकरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. 

“तुम्हीच ना त्या? पुस्तकामागच्या फोटोत दोन्ही गाल सारखे आहेत, म्हणून विचारते.”

बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्यांचा उजवा गाल टम्म फुगला होता.

“मग सांगा ना. हौसा सासरचं एवढं सोसते. एका पहाटे कुणाला एक शब्द न सांगता घर सोडते. शहरात शिवणाचं दुकान काढते. मी पारायणं केलीत त्या कादंबरीची! आणि शेवटच्या पानावर... एसटीत बसून परत सासरी? का?”

बाईंनी गालावर हात ठेवला.

“इतका बावळट आहे का माझा प्रश्न?”

बाईंनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं.

टेबलामागे केसपेपर लिहिणाऱ्या सुषमाताईंनी मान वर केली. “अगं, दाढ काढलीय त्यांची आत्ताच. तोंडात कापूस दाबून धरायचाय. बोलायला बंदी आहे.”

शर्वाणी ओशाळली. पण घडीभरच.

“मग बरंच झालं,” ती म्हणाली आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसली. “तुम्ही नुसतं ऐका.”

बाईंनी पदर सावरून तिला जागा करून दिली.

“मला नोकरी लागलीय. अरुणाचलमध्ये, एका शाळेत. विज्ञान शिकवायला. आज पाचच्या आत हो की नाही कळवायचंय. घरी विचाराल, तर बाबा म्हणतात, आधी लग्न. काका म्हणतात, तिकडं भाकरी मिळत नाही. जणू मी भाकरीशी लग्न केलंय! आणि आत्या काही म्हणतच नाही, नुसती रडते. मी तोंड उघडलं की दोघंही एकदम बोलायला लागतात. माझं वाक्य आजपर्यंत त्या घरात पूर्ण झालेलं नाही...”

ती थांबली. सवयीने.

कुणी मध्ये बोललं नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच एक वडीलधारं माणूस तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत होतं. त्यासाठी त्या माणसाच्या तोंडात कापूस कोंबावा लागला होता, हे खरं. पण ऐकत होतं.

“मी गुपचूप निघणार होते,” शर्वाणीचा आवाज खाली आला. “हौसासारखी. पहाटेच्या गाडीने. बॅग मैत्रिणीकडे नेऊन ठेवलीय. पण पडल्या पडल्या तुमचं ते शेवटचं पान आठवतं आणि वाटतं, मीपण अशीच परत येणार असेन, तर जायचं कशाला...?”

बाई ऐकत होत्या.

“मी कुणाचंच ऐकत नाही, बाई. पण तुमचं ऐकेन. जाऊ की नको? बोलू नका. नुसती मान हलवा.”

नेर्लेकरबाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. परत लावला. शर्वाणीला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

मग सावकाश मान हलवली. डावीकडे... उजवीकडे...

नको.

शर्वाणी बघतच राहिली.

“नको?”

पुन्हा तशीच मान. डावीकडे... उजवीकडे...

“म्हणजे तुम्हीपण त्यांच्यातल्याच निघालात!” शर्वाणी ताडकन उठली. “काय गं बाई हे! तुमच्या पुस्तकावर मी वर्गात सरांशी भांडले, आणि तुम्ही? जायचं नाही म्हणे! मी जाणार! तुम्ही नाही म्हणा, बाबा नाही म्हणू देत, सगळं कराड नाही म्हणू दे! मी जाणार म्हणजे जाणार!”

आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला. जबडा उघडा असल्यामुळे त्यातलं अक्षर कळलं नाही.

“मावशी, तोंड मिटू नका!” डॉक्टर ओरडले.

“ऐकलंस ना, आत्या?” शर्वाणीने दाराकडे तोंड करून विचारलं. “आणि आज जेवताना बाबांनाही सांगणार आहे. असंच, मोठ्यानं! आणि दिवसाढवळ्या जाणार आहे. स्टँडवर सोडायला यायचं असेल तर या सगळे!”

आतून पुन्हा आवाज आला. या वेळी तो रडण्याचा नव्हता, एवढं मात्र नक्की.

शर्वाणी धापा टाकत उभी राहिली. सुषमाताईंचं पेन हवेतच थांबलं होतं. रांगेतल्या एका आजोबांनी आपल्या दुखऱ्या गालावरचा हात काढून घेतला होता.

तिने मोबाइल काढला. शाळेला ‘हो’ लिहिलं. पाठवलं.

मग आपण काय बोलून बसलो, आणि कुणाला, हे तिच्या ध्यानात आलं. तिने हळूच बाईंकडे पाहिलं.

नेर्लेकरबाईंचे खांदे गदगदत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका हाताने सुजलेला गाल धरून दुसऱ्या हाताने त्या बाकावर थापा मारत होत्या.

शर्वाणीला आधी कळलं नाही. मग तिलाही हसू फुटलं. ती धपकन बाकावर बसली आणि हसत सुटली. आजोबाही हसले, कशाला ते न कळताच.

“बाई, कापूस! कापूस पडेल!” सुषमाताई टेबलामागून धावल्या.

नेर्लेकरबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. कापूस काढून शांतपणे कचऱ्याच्या डब्यात टाकला. बधिर झालेला ओठ दोन बोटांनी सरळ केला आणि म्हणाल्या,

“एवढा आवाज हौसाला दिला असता ना पोरी, तर माझी कादंबरी तिसाव्या पानावरच संपली असती.”