गादीचा रुपया

करंजगडच्या देवघरातला गादीचा रुपया खोटा निघाला आणि त्याचं बालंट आलं गोजराबाईवर.

हा रुपया म्हणजे साधीसुधी चीज नव्हती. राजे रायाजीरावांच्या पणजोबांनी राज्य मिळवलं, त्या दिवशी चांदीचे मोजके रुपये पाडले होते. त्यांतला एक देव्हाऱ्यात होता. दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची आणि पूजेआधी चिंच नि राख लावून तो घासायचं काम गोजराबाईकडे. वीस वर्षं तिनं ते केलं. यंदा राजांच्या मनात आलं, रुपयाला नक्षीदार डबी करावी. मुकुंदशेट सराफ मापासाठी रुपया घरी घेऊन गेला. आठ दिवसांनी डबी आली, रुपया आला आणि त्यांच्यासोबत शेटचा लांब झालेला चेहराही आला.

"महाराज, सांगायला जीभ रेटत नाही," शेट म्हणाला, "पण हा रुपया खोटा आहे. माझ्या हाती आला तेव्हाच खोटा होता. वर चांदीचा मुलामा आणि आत कथील."

देवघरात जाणारी माणसं दोनच, पुजारी आणि गोजरा. पुजारी पडले राजांचे गुरू. तेव्हा चोर कोण, हे सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं. मग शेटनं कनवटीचा बटवा सोडला आणि हुबेहूब तसाच रुपया पुढे ठेवला. हाही त्याच दिवशी पाडलेला, त्याच्या पणजोबांना बक्षीस मिळालेला. दसऱ्याची पूजा अडू नये म्हणून तो द्यायला शेट तयार होता. बदल्यात फार काही नको, नदीकाठचं एक गाव, तेही आमराईसकट. केवढं मोठं मन!

गोजराला दरबारात उभं केलं. तिनं हात जोडून सांगितलं की आपण चोरी केलेली नाही. राजे स्वभावाने वाईट नव्हते, पण हट्टी असे की एकदा तोंडातून शब्द गेला की संपलंच.

"चोरी केली नाहीस, तर हा खोटा रुपया आला कुठून ते सांग," ते म्हणाले. "मात्र देव्हाऱ्यात पुजायचा रुपया आहे. कसोटीवर घासायचा नाही, कापायचा नाही, तापवायचा नाही, वाजवूनही बघायचा नाही. बोटसुद्धा लावायचं नाही. दिवेलागणीपर्यंत सांगितलंस तर ठीक, नाहीतर गाढवावरून धिंड काढून वेशीबाहेर घालवीन."

दिवाणजी हळूच म्हणाले की हात न लावता नाण्याची पारख आजवर कुणी केलेली नाही. राजांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दिवाणजींना एकदम खोकला आला.

गोजराला ना शेत, ना नातलग. वीस वर्षांत तिच्या पाठीमागे कुणी चांदीची भांडी मोजून पाहिली नव्हती, तेवढीच तिची कमाई. तीही आज जाणार म्हणून तिला रडू फुटलं. पदराने डोळे पुसून ती पाटापुढे बसली. पाटावर दोन्ही रुपये शेजारी शेजारी ठेवले होते.

ती नुसती बघत राहिली. दरबाराची जेवणं झाली, जांभया झाल्या. शेट तर खांबाला टेकून घोरायलाही लागला. ऊन कलल्यावर तिनं पुजाऱ्यांना दोन्ही रुपये उलटे करायची विनंती केली. पुन्हा बराच वेळ पाहिलं. मग तिनं शेटला उठवायला सांगितलं.

"शेट, तुमचा रुपया ह्याच्या आधी कुनाला दावला, दिला व्हता का?"

"कधीच नाही. पणजोबांनी तिजोरीत ठेवला, तो आज पहिल्यांदा उजेड बघतोय. तिजोरीची किल्ली माझ्या जानव्याला असते."

"आन् दोनी रुपये येकसारखे हायेत?"

शेटची छाती फुगली. "एकाच ठशातले. केसाचा फरक दाखव, घर नावावर करून देतो."

गोजरा राजांकडे वळली. "म्हाराज, शेटचं बरोबर हाय. देवघरातला रुपया खोटा. शेटचा अस्सल."

दरबार चुकचुकला. बाईनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं दिवाणजींनाही वाटलं. शेट गालात हसला.

"शेटच्या रुपयाला कडंला एक खोक हाय," गोजरा पुढे म्हणाली. "मागल्या अंगाला दोन चरे हायेत, येक लांब, येक आखूड. देवघरातल्या रुपयालाबी तीच खोक, तेच चरे, त्याच जागी."

"एकाच ठशातले आहेत ना? मग सारखेच असणार," राजे म्हणाले.

"ठशातनं छाप येतो म्हाराज, लागलेला मार येत न्हाई. जुळी पोरं तोंडानं सारखी असत्यात. पर येक झाडावरनं पडला, तर दुसऱ्याचा गुडघा कसा फुटंल? ज्या नाण्यावर माती दाबून साचा घ्यावा, त्याचेच घाव नकलंवर उतरत्यात. शेटचा रुपया तर तिजोरीतनं कधी भायेर आला न्हाई. मंग त्याच्यावर साचा दाबला कुनी?"

शेटचा हात आपोआप जानव्याकडे गेला. त्यानं सरळ राजांचे पाय धरले. बटव्यातून काढलेला रुपया गादीचाच होता.

राजे आधी लालबुंद झाले. मग त्यांनी पाटावर वाकून दोन्ही रुपये नीट पाहिले आणि हसू काही त्यांना आवरेना.

"अरे शेट, नक्कल करतानाही एवढी इमानदारी? एखादा चरा तरी विसरायचास!"

शिपायांनी शेटला नेलं. राजांनी गोजराला साडीचोळी दिली, हातात चांदीचे गोठ घातले आणि भरदरबारात सांगितलं की आजपासून टांकसाळीची पारखीण गोजराबाई. तिनं पाहिल्याशिवाय राज्याचा एकही रुपया बाहेर पडायचा नाही.

गोजरानं मुजरा केला, पण ती जागची हलेना. राजांनी विचारलं, अजून काय हवंय?

"काय नगं म्हाराज. येवढंच इचारते, तितं तरी हात लावू द्याल न्हवं?"

राजे इतके हसले की दिवाणजींना पाणी आणायला पळावं लागलं.