निजवेल आणि तानूबाईचं चिकट मडकं

एकदा काय झालं, एक होता राजा. त्याला सगळे सढळराजा म्हणायचे. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण ते आता त्याच्या आईलाही आठवत नसे. सढळराजा का? तर त्याच्या नगरात एक रीत होती. कुणी काही मागितलं की त्याच्या दुप्पट द्यायचं. वाटीभर पीठ मागितलं, दोन वाट्या द्यायच्या. एक लाडू मागितला, दोन लाडू. एकदा एक पाहुणा म्हणाला, 'जरा वारा घाला हो,' तर दोघांनी मिळून इतका वारा घातला की बिचाऱ्याची पगडी विहिरीत पडली. हसताय काय? पुढे ऐका. विनू, पाय पांघरुणात घे आधी.

काय म्हणालीस, पमे? कुणी म्हटलं जरा कमी द्या, तर? अगं, तसं त्या नगरात कुणी म्हणायचंच नाही. कमी देणं म्हणजे त्यांना फार लाजिरवाणं वाटायचं. तिथंच तर सगळी गंमत आहे.

तर राजवाड्याच्या अंगणात एक वेल होती. तिचं नाव निजवेल. दिवेलागणीला तिची फुलं उमलायची, पांढरी, तुमच्या नखाएवढी. त्यांचा वास अंगणातून निघायचा, गल्लीत जायचा, घराघरात शिरायचा. आणि वास आला की सगळ्या पोरांना जांभया. आयांना अंगाई म्हणावी लागत नसे, गोष्टी सांगाव्या लागत नसत. माझ्यासारख्या म्हातारीला त्या नगरात कुणी विचारलंही नसतं, बरं का.

मग एके दिवशी त्या वेलीवर मावा पडला. मावा ठाऊक आहे ना? आपल्या जास्वंदीच्या शेंड्यावर दाखवला होता तो. मोहरीएवढे हिरवट किडे, एकमेकांना चिकटून बसतात आणि पानाचा रस पितात. आणि वर गोड चिकट पाणी टाकतात. ते प्यायला मुंग्या येतात. मुंग्या मग त्या माव्याला गाईसारखं सांभाळतात, कुणाला जवळ येऊ देत नाहीत. असा सगळा संसार त्या वेलीवर बसला आणि म्हणायला लागला,

'पिऊ पिऊ, रस पिऊ,
पोट भरलं तरी पिऊ.'

मग पानं आकसली. कळ्या गळल्या. वास गेला. आणि नगरातल्या एकाही पोराला झोप येईना.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. सगळीकडे रडारड. पहारेकरी भाल्याला टेकून घोरताहेत, वाणी तराजूत डोकं ठेवून झोपलाय, कारण रात्रभर पोरं जागी तर थोरही जागे. राजाची मुलगी मैना, आठ महिन्यांची. पहिले दोन दिवस ती रडली. तिसऱ्या दिवशी रडायचीही थांबली. नुसते डोळे उघडे ठेवून वर बघत राहिली. राणी यमुना तिला मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या लक्षात आलं की पोर पूर्वीपेक्षा हलकी लागते आहे.

राजा काय करी? पाळण्याची दोरी धरून ओढी. आणि तो सढळराजा. ओढायची तर जोरात ओढी. पाळणा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. राणी म्हणायची, "अहो, हळू." राजा म्हणायचा, "माझ्या लेकीला मी हळू झोका देऊ?" आणि आणखी जोरात ओढायचा.

वैद्य आले. त्यांनी मैनेकडे पाहिलं, वेलीकडे पाहिलं. म्हणाले, "महाराज, वेलीवर सात पानं उरली आहेत. वेल फुलली तर बाळ झोपेल, आणि झोपलं तर जगेल. शेवटचं पान गळलं, तर मग माझ्या हातात काही नाही."

मग दवंडी पिटली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोण आलं? तानूबाई तेलीण.

तानूबाईचं घर नगराच्या टोकाला, कडुलिंबाच्या झाडाखाली. घरात लाकडी घाणा, घाण्याला एक म्हातारा बैल. तीळ, करडई, शेंगदाणे, सगळ्याचं तेल ती काढायची. आणि लिंबोळ्या पिकून खाली पडल्या की त्यांच्या बिया वाळवून कडू तेल काढायची. त्याला असा वास की पहारेकऱ्याची झोपच उडाली. त्याने नाक धरून विचारलं, "काय आणलंस बाई?" ती म्हणाली, "औषध आणलंय. बाजूला हो."

राजासमोर येऊन तानूबाई म्हणाली, "महाराज, गेल्या साली माझ्या भोपळ्याच्या वेलीवर असाच मावा पडला होता. या कडू तेलानं गेला. एक पळी तेल घ्यायचं, एक घागर पाणी घ्यायचं, आणि शिंपायचं. घरी घाणा जुंपलाय, बैल उभा आहे, मी जाते." आणि तेलाचा घडा ठेवून ती गेली.

आता बघा हं. राजाने घड्यात डोकावलं. म्हणाला, "एक पळी? माझ्या लेकीचा जीव टांगणीला लागलाय आणि मी एक पळी देऊ? लोक काय म्हणतील?" पाणीबिणी काही नाही. राजाने बाह्या सरसावल्या आणि भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, अख्खा घडा वेलीवर उपडा केला.

दुपार उतरली तोवर पानं काळी पडली. तेल उन्हात तापलं आणि वेल पोळली. चार पानं गळून पडली. उरली किती? सातातून चार गेली. तीन. शाबास.

मावा मेला म्हणाल? थोडा मेला. बाकीचा खाली बुंध्याशी जाऊन बसला आणि पुन्हा सुरू,

'पिऊ पिऊ, रस पिऊ,
पोट भरलं तरी पिऊ.'

राजा अंगणात मटकन बसला. त्याला फार वाईट वाटलं. आजवर त्याने ज्याला भरभरून दिलं तो हसतच घरी गेला होता. दिल्याने कुणाचं वाईट झालेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्याने तानूबाईला तेलाचा दुसरा घडा घेऊन पुन्हा बोलावलं. तिने ती करपलेली पानं पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं. राजा असला म्हणून काय झालं? म्हणाली, "महाराज, मी पळी म्हटलं होतं. घडा नव्हता म्हटला. आणि ऊन उतरल्यावर शिंपायचं. उन्हात तेल पोळतं. शिवाय दिवसा मधमाश्या अंगणातल्या फुलांवर असतात, त्या घरी गेल्या की मग आपण यायचं. एवढं सांगायचं मी विसरले, हे माझंही चुकलं."

राजा मान खाली घालून म्हणाला, "चुकलो. आता तू म्हणशील तसं."

मग संध्याकाळ झाली. मधमाश्या घरी गेल्या. राजाने सोन्याची घागर आणवली. दासींनी ती राखेने घासली, चिंचेने घासली, तीनदा धुतली. अशी लखलखली की तानूबाईला तिच्यात आपलं तोंड दिसलं. विहिरीचं ताजं पाणी भरलं. राजाने स्वतः पळीने तेल घातलं. एकच पळी, बरं का. दुसरी घातली नाही.

आणि काय झालं? तेल वर तरंगलं. ढवळलं, पुन्हा वर. आणखी ढवळलं, पुन्हा वर. पाणी खाली, तेल वर, जसं काही दोघांचं भांडण झालंय. तशीच घागर ओतली. आधी एका अंगाला नुसतं तेल पडलं. मग सगळीकडे नुसतं पाणी. तेल पडलं तिथली दोन पानं सकाळी गळाली. पाणी पडलं तिथला मावा मजेत न्हाला.

उरलं किती? एक पान.

तानूबाई त्या पानापुढे उभी राहिली आणि तिला रडू आलं. राजाने या खेपेला तिचं अक्षर न अक्षर ऐकलं होतं. चूक त्याची नव्हती. आत पाळण्यात मैना डोळे उघडे ठेवून पडली होती आणि आता तिची मूठही मिटत नव्हती.

तानूबाई म्हणाली, "महाराज, माझ्या घरी जमलं होतं हो. देवाशपथ जमलं होतं. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. इथं का होत नाही?"

आता तुम्ही सांगा, का होत नव्हतं? तेल तेच, पाणी तसंच, पळी तीच. विनू म्हणतोय सोन्याची घागर वाईट. नाही रे. सोन्याचा काय दोष?

तेवढ्यात वेल बोलली. हो, बोलली. गोष्टीतली वेल आहे, बोलणारच. पण एकच पान उरलेलं, तेव्हा आवाज अगदी बारीक. ती म्हणाली, "तानू, तुझ्या घरी पाणी कशात घेतलं होतंस?"

"मडक्यात."

"मडकं कसलं?"

"नेहमीचंच. आमचं तेलकट हात धुवायचं. त्यात रिठे भिजत घातलेले असतात. तेलकट हात रिठ्याशिवाय निघतात कुठे? आमच्याकडे ते मडकं कधी घासत नाहीत, फेसाने आतून कायम चिकट..."

आणि तानूबाई बोलता बोलता थांबली.

समजलं का? तिच्या घरी रिठा इतका रोजचा, की तो औषधात पडतोय हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. रिठ्याचा फेस तेलाचा एक हात धरतो आणि पाण्याचा एक हात धरतो, आणि दोघांना सोडतच नाही. राजाच्या घरी मात्र सगळं घासूनपुसून लख्ख. तिथं दोघांचे हात धरायला कुणी नव्हतंच.

मग तानूबाई पळत निघाली. राजा म्हणाला, "घोडा घे, रथ घे, दोन रथ घे." ती म्हणाली, "नको, मडकं फुटेल." आणि कमरेवर ते काळं चिकट मडकं घेऊन जपून चालत परत आली. आत रिठ्याचं पाणी होतं. दासींनी नाकं मुरडली. राणी पुढे झाली आणि तिने ते मडकं स्वतःच्या हातांनी उतरून घेतलं.

घागरभर पाणी घेतलं. त्यात रिठ्याचं पाणी गेलं. मग एक पळी तेल. राणीने रवीने घुसळलं. आणि बघता बघता पाणी पांढरं झालं, दुधासारखं. वर तेलाचा एक थेंब राहिला नाही.

मग ऊन उतरलं. मधमाश्या घरी गेल्या. तानूबाईने गवताचा कुंचा बुडवला आणि हलकेच शिंपलं. पानाच्या वर, आणि पानाच्या पोटालाही. किडे लपतात कुठे? पोटाशीच. तिथं नाही शिंपलं तर सगळी मेहनत वाया.

पहिल्या संध्याकाळी मावा म्हणाला, 'पिऊ पिऊ, रस पिऊ... ई, कडू.' आणि रस प्यायचा थांबला.

दोन दिवस सोडून पुन्हा शिंपलं. तेव्हा मुंग्या आल्या. गोड पाणी नाही म्हटल्यावर त्यांनी मावा सोडला आणि रांगेने चालत्या झाल्या. राखणदार गेले, मग लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे आले. ते मावा खातात. त्यांनी पोटभर जेवण केलं.

आणखी दोन दिवसांनी तिसऱ्यांदा शिंपलं. मावा संपला. शेवटचं पान होतं ना, त्याच्या बगलेतून एक कोंब आला. कोंबाला कळी आली. आणि दिवेलागणीला एक फूल उमललं. एकच.

राजा म्हणाला, "एका फुलाने काय होणार?" सवय जाते का लगेच?

पण त्या एका फुलाचा वास अंगणातून निघाला, पाळण्याशी आला. मैनेने जांभई दिली. इवलीशी. तिचे डोळे मिटले, आणि तिची मूठ आईच्या बोटाभोवती मिटली. राणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. राजाने दोरी धरली, ओढायला हात मागे नेला, आणि थांबला. मग एका बोटाने दोरी हलवली. एकदाच. पाळणा हलला न हलला. पोर झोपेत हसली.

काही दिवसांत वेल फुलांनी भरली आणि सगळं नगर झोपलं. पहारेकरीही झोपले, पण ते काय आधीपासूनच झोपत होते.

मग राजाने तानूबाईला विचारलं, "बाई, काय देऊ?" ती म्हणाली, "महाराज, तुमच्या दारात एक कडुलिंब लावा आणि एक रिठा. पुढच्या खेपेला पळापळ नको."

दरबार वाट बघत राहिला. आता राजा दुप्पट देणार. दोन कडुलिंब, दोन रिठे, कदाचित दोन बागा. राजाचा हात हुकूम द्यायला वर गेला. मग तो हात हळूच खाली आला. राजा उठला, अंगणात गेला, बोटाने मातीत खळगा केला आणि एक लिंबोळी पुरली. शेजारी एक रिठा पुरला. वर ओंजळभर पाणी घातलं. एकच ओंजळ.

ती झाडं मोठी झाली, त्यांच्या सावलीत मैना मोठी झाली, आणि सगळे सुखाने राहिले. तानूबाईचा बैलसुद्धा.

झाली गोष्ट. उद्या सकाळी आपल्या जास्वंदीला शिंपायचं आहे. सकाळी नाही, चुकले, ऊन उतरल्यावर. रिठे मी भिजत घातलेत. आता डोळे मिटा. पमे, आणखी एक गोष्ट मागू नकोस, मी काही सढळराजाच्या नगरातली नाही. एकदा थोपटते तुला, एकदा विनूला. बघ, तो तर झोपलासुद्धा.