नुसती उत्तरं

“पण उत्तरं तर सगळी तीच होती ना, मास्तर?”

दाऊद मास्तर दर्ग्याच्या पायरीवर बसले होते. खाली खाडी. शाळेतून निवृत्त झाल्यावर, म्हातारपणी, त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा काढणारं एक्सेलचं वर्कबुक बांधलं होतं. त्यातल्या वेळा दर महिन्याला जेटीवर लागत. त्या पाहून होडी सुटे.

समोर उभी होती वृषाली तांडेल, त्यांची विद्यार्थिनी. “दर महिन्याला वेळा हाताने कशाला उतरवता? माझा प्रोग्रॅम चुटकीसरशी करील,” म्हणत तिने ते काम मागून घेतलं होतं.

“काय केलंस गो?”

“प्रोग्रॅममध्ये पायथनच्या तयार लायब्ररीने वर्कबुक लोड केलं. नुसते आकडे वाचायला सांगितले… आणि त्याच नावाने सेव्ह केलं.”

“मग?”

“आकडे राहिले. त्यांच्यामागचे, वेळा काढणारे फॉर्म्युले पुसले गेले. महिना बदलला, तरी वेळा त्याच.”

“आणि तू त्याच लावल्यास.”

“…हो.”

होडी त्या वेळेवर सुटली आणि ऐन ओहोटीत चिखलात रुतली. आत कळा सुरू झालेली एक बाई होती. पाणी चढेपर्यंत ती तिथेच कण्हत पडली. वाचली. बाळही वाचलं.

“लायब्ररीने साधी सूचनासुद्धा दिली नाही, मास्तर.”

“मागितलंस ते दिलं की तिने.”

वृषालीने ओढणी सारखी केली.

“नावाड्यांना काय सांगितलंस?”

तिची मान खाली गेली.

“…मास्तरांचं वर्कबुक चुकलं, असं मी म्हणाले.”

“ठाऊक आहे. ते इथे भांडायला आले होते.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“माफी मागितली.”

तिचा चेहरा कानांपर्यंत तापला. ती वळली आणि जेटीवर गेली. नावाड्यांपुढे उभी राहून खरं ते सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एकाने फक्त तिच्याकडे पाठ केली.

ती परत आली, तेव्हा तिला मास्तरांकडे वर बघवेना.

“सांगून आले. आता फॉर्म्युले द्या… तेवढे पुन्हा भरते.”

मास्तर उठले. तिला घेऊन पायऱ्या उतरले आणि गुडघाभर पाण्यात उभं केलं.

“बघ.”

ती बघत राहिली. ऊन कललं. पाय गारठले. मास्तर काठावर बसून होते…

“पाणी चढतंय, मास्तर.”

“कशावरून? नुसतं उत्तर नको.”