मांडवातलं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत असत. आता बैल गप्प झाले आहेत. कंटाळले असतील बिचारे.

तेव्हा एका कोरड्या माळावर एक राज्य होतं. राज्यात एकच तलाव होता आणि तलावातून निघालेला एकच पाट. तो सात गावांमधून जात असे. वरच्या गावाला पाणी आधी मिळे, खालच्यांना नंतर, आणि शेवटच्या गावाला उरलं तर. पाऊस बरा होता तोवर उरत असे. मग पाऊस रुसला, तलावाची पायरी न् पायरी उघडी पडली आणि लोकांना पाटाकडे संशयाने पाहायची सवय लागली.

पाटावर पहारा बसवावा, की गावांवर सोपवून द्यावं, असा राजापुढे प्रश्न पडला.

दरबारात दोन पंडित होते. एक म्हणे, "महाराज, जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढतो. पहारा बसवा." दुसरा म्हणे, "महाराज, माणूस मुळात भला. विश्वास टाका, तो विश्वासाला जागेल." दोघांकडे वचनं भरपूर होती आणि घसाही दणकट होता. हाच वाद त्यांच्या वडिलांनीही घातला होता. तेव्हाही तो सुटला नव्हता.

राजाने जांभई दिली आणि परीक्षकाला बोलावलं.

हा परीक्षक आता म्हातारा झाला होता. राज्यात कुठलीही मोठी गोष्ट करण्याआधी ती लहान करून बघायची, हे त्याचं काम. नवं बियाणं आलं की तो आधी आपल्या परसात पेरी. नदीवर पूल बांधायचा असला की आधी ओढ्यावर तसाच साकव घालून त्यावरून म्हशी हाकी. "शितावरून भाताची परीक्षा," असं तो येताजाता म्हणे आणि जन्मभर ते खरं ठरत आलं होतं. पण आता गुडघे बोलायला लागले होते. घरी जावं, पाय पसरून बसावं आणि शेवटच्या गावात दिलेल्या आपल्या एकुलत्या एक लेकीला भेटून यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"बियाण्याची परीक्षा करता, पुलाची करता," राजा म्हणाला. "आता माणसाची करून दाखवा. माणूस हावरट की भला, तेवढं एकदा कळू द्या."

"बघतो महाराज," परीक्षक म्हणाला. नाही म्हणायलाही ताकद लागते.

त्याने राजवाड्याच्या बागेत मांडव घातला. मांडवात मातीचा लहानसा पाट केला, वरच्या टोकाला पाण्याचा रांजण ठेवला आणि पाटाच्या कडेने बाजारातली माणसं एकामागे एक बसवली. प्रत्येकाला एक घडा दिला. रांजणातून पाणी सुटेल, हवं तेवढं घ्यावं आणि बाकीचं पुढे जाऊ द्यावं, एवढाच खेळ होता.

पाणी सुटलं. पहिल्याने घडा अर्धा भरला आणि "होऊ द्या पुढे" म्हणत हात बाजूला केला. दुसऱ्याने त्याहून कमी घेतलं. शेवटच्या माणसाचा घडा तर काठोकाठ भरून वाहिला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तसंच झालं. भलेपणावाल्या पंडिताच्या डोळ्यांत पाणी आलं. राजाने हुकूम काढला: पाटावर पहारा नको, गावांनी आपसांत समजून घ्यावं.

उन्हाळा चढला तशी एके दिवशी परीक्षकाची लेक चालत आली. तिने बापाला नमस्कार केला आणि काखेतली घागर त्याच्यापुढे उपडी केली. थेंबही पडला नाही.

"बाबा, तुमच्या मांडवात पाणी शेवटच्या माणसापर्यंत पोचलं म्हणे," ती म्हणाली. "आमच्यापर्यंत नाही पोचलं. वरच्या गावाने पाटात दगड टाकलेत. आमची गाय गेली."

परीक्षकाने लेकीला शिदोरी बांधून दिली, वेशीपर्यंत पोचवलं आणि तो तडक मांडवात आला. तिथे मुदपाकखान्याचा आचारी परीक्षेच्या दिवसापासून पडून राहिलेले ताकाचे रिकामे माठ धूत बसला होता.

"हे माठ इथे कसे?" परीक्षकाने विचारलं.

"कसे म्हणजे? तुमच्या परीक्षेच्या माणसांना ताक दिलं होतं ना," आचारी म्हणाला. "वर गूळ-पाणीही दिलं. राजाच्या दारी आलेल्याला घसा कोरडा ठेवून बसवू? चालीरीत म्हणून काही आहे की नाही?"

परीक्षकाने कपाळावर हात मारला. पोटभर ताक प्यालेल्या माणसांना त्याने पाणी वाटून घ्यायला सांगितलं होतं.

मग त्याने दुसरी परीक्षा मांडली. या वेळी ताक बंद. दूरदूरचे अनोळखी वाटसरू आणले आणि त्यांना सकाळपासून उन्हात बसवून ठेवलं. कुणी कुणाच्या भिडेखातर चांगुलपणा दाखवू नये म्हणून प्रत्येकाच्या मध्ये पडदा लावला. पाणी सुटलं आणि पहिल्याच माणसाने ते सगळं आपल्या घड्यात ओढलं. घडा भरल्यावर पागोटं भिजवून घेतलं. पाटाच्या शेवटी चिखलसुद्धा झाला नाही. हावरटपणावाल्या पंडिताने मिशीवरून हात फिरवला. राजाने हुकूम फिरवला आणि पाटावर पहारे बसले.

आता पहारेकरीही माणसंच. आधी त्यांच्या घोड्यांना पाणी लागे, मग ज्या गावाहून कोंबडी-भाकरी येई त्या गावाला. पूर्वी दर उन्हाळ्यात सातही गावं फावडी घेऊन पाटातला गाळ काढत. आता गावकरी म्हणाले, "पाट सरकारचा, तर गाळही सरकारचा." गाळ साचत गेला. पाणी मधल्या गावांतच जिरायला लागलं आणि शेवटच्या गावातली माणसं भांडीकुंडी बांधायला लागली. लेकीचा निरोप आला: "बाबा, आम्हीही गाव सोडतोय. जाण्याआधी भेटायला या."

परीक्षकाने गाडी जुंपली. गाडीला एकच बैल होता, त्याच्याइतकाच म्हातारा. ऐन उमेदीत तो तेल्याच्या घाण्याला होता. परीक्षकाने त्याला म्हातारपणी विकत घेतलं होतं, कारण दोघांची चाल सारखी होती.

अर्ध्या वाटेवर परीक्षक पुटपुटला, "पहिल्या खेपेला माणूस भला निघाला, दुसऱ्या खेपेला हावरट. मग माणूस आहे तरी कसा?"

बैलाने मान वळवली. "धनी, एक विचारू? मी घाण्याला होतो तेव्हा जन्मभर गोल गोल फिरलो. आता तुमच्या गाडीला आहे, तर सरळ चालतो. मग मी गोल जाणारा बैल, की सरळ जाणारा?"

"हे काय विचारणं झालं? ज्याला जुंपलं तसा तू चालणार."

"मग माझ्याबद्दल एवढं कळतं," बैल म्हणाला, "आणि माणसाबद्दल दोन पंडित लागतात होय?" एवढं बोलून त्याला दम लागला.

शेवटच्या गावात पोचल्यावर परीक्षक आधी लेकीच्या घरी गेला नाही, कारण लेक त्याला नाल्यातच दिसली. गावच्या बायांनी कोरड्या नाल्यात खड्डा खणला होता. खड्ड्यात पाझरलेलं पाणी एक बाई वाटीने उपसत होती आणि ओळीने मांडलेल्या घागरींत ओतत होती. ओतून झाल्यावर ती बाजूला सरली. बाकीच्या बायांनी एकेक करून हवी ती घागर उचलली. शेवटी जी उरली ती तिने उचलली. परीक्षक बघतच राहिला. सगळ्या घागरींतलं पाणी बोटभरही कमीजास्त नव्हतं.

"ही रीत तुम्हाला कुणी घालून दिली?" त्याने लेकीला विचारलं.

"कुणी कशाला घालून देईल? घरात वाढणारी शेवटीच जेवते ना, तसंच हे. रोज एकीची पाळी. जी वाटेल तिने शेवटी उचलायचं."

"आणि वाटणारीने एखादीत मुद्दाम कमी ओतलं तर?"

"तर तीच घागर सगळ्याजणी सोडतील आणि तिच्याच गळ्यात पडेल. बाबा, तुम्ही एवढे परीक्षक ना!"

"तुम्ही फार भल्या आहात, पोरी. म्हणून हे चालतं."

लेक थकल्या तोंडाने हसली. "भल्या? परवा दोरीवरून माझं आणि जावेचं असं भांडण झालं, की अजून आम्ही एकमेकींशी बोलत नाही. ती बघा, तीच वाटत होती आज."

परीक्षक नाल्याच्या काठावर मटकन बसला. त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही. आपल्या एका चुकीने लेकीची गाय गेली, दुसरीने गाव चाललं, आणि उत्तर मात्र या नाल्यात रोज वाटलं जात होतं.

"थोडं थांबा," तो लेकीला म्हणाला. "एवढी एक परीक्षा करू द्या मला. मग जायचं तर मी स्वतः गाडीत बसवून नेईन."

"पाणी किती दिवस थांबतं ते बघते," ती म्हणाली. "आम्ही तेवढे थांबू."

राजाने परीक्षकाचं ऐकून घेतलं, पण त्याचा चेहरा काही उजळला नाही. "परीक्षक, तुमच्या परीक्षांवर आमचा विश्वास उरला नाही."

"परीक्षांचा दोष नाही, महाराज. माझा आहे. मी माणसांना विचारलं, तुम्ही कसे आहात? पहिल्या खेपेला उत्तर ताकाने दिलं आणि दुसऱ्या खेपेला पडद्याने. आता मी माणसांची नाही, रीतीची परीक्षा करणार आहे. त्यात चुकलो तर मला घरी पाठवा. तसाही मी दमलोच आहे."

या वेळी मांडव तलावाकाठी उभा राहिला. माणसं बाजारातली नव्हती. सातही गावांतून एकेक जण आला, उन्हातून चालत, कोरड्या घशाने. पडदे नव्हते. आचारी ताक घेऊन आला होता, पण परीक्षकाने त्याला माठांसकट दूर झाडाखाली बसवलं. "ताक द्या, पण झाल्यावर," त्याने बजावलं. आचारी जो रुसला तो रुसलाच.

आधी जुन्याच रीतीने पाणी सोडलं. वरच्या गावच्या पाटलाने घडा भरून घेतला आणि शेवटचा घडा कोरडा राहिला.

"का हो पाटील?" परीक्षकाने विचारलं.

पाटील खाली बघत म्हणाला, "पाणी पुढ्यात आलं, मी घेतलं. मागे कोण बसलंय ते पाणी थोडंच सांगतं?"

मग परीक्षकाने सगळे घडे रिकामे करून पाणी पुन्हा रांजणात ओतलं. माणसं तीच, तहान तीच, पाणी तेच. बदलली फक्त रीत. घडे भरायचे शेवटच्या गावाने, उचलायचे वरच्या गावापासून, आणि उरेल तो घडा भरणाऱ्याचा. शेवटच्या गावच्या माणसाने जीव मुठीत धरून घडे भरले, वाकून वाकून पाण्याची पातळी पाहिली. पाटलाने सगळे घडे न्याहाळले, पण निवडायला काही फरकच नव्हता. मुकाट्याने त्याने जवळचा उचलला. शेवटी उरलेला घडाही बाकीच्यांइतकाच भरलेला होता.

"बघा!" पहिला पंडित ओरडला. "स्वतःला कमी पडेल या भीतीने सारखं वाटलं. माणूस हावरटच!"

"बघा!" दुसरा ओरडला. "संधी मिळूनही सारखं वाटलं. माणूस भलाच!"

"तुम्ही दोघं बाहेर जाऊन काय ते ठरवा," राजा म्हणाला. "पाणी तोवर थांबणार नाही."

परीक्षकाने आता मात्र घाई केली नाही. आधी पाटातून फुटलेल्या एका लहान चारीवर ही रीत चालवून बघितली. तिथे टिकली, तेव्हाच ती पाटावर आणली. पहारे उठले. पाण्याच्या सात पाळ्या शेवटचं गाव पाडू लागलं, वरच्या गावापासून एकेक गाव त्यातली हवी ती आधी घेऊ लागलं आणि उरेल ती पाळी शेवटच्या गावाची. पाळी पाळली जाते की नाही ते बघायला सातही गावांची माणसं पाटाच्या दारावर बसू लागली. पाट पुन्हा आपला झाला तशी लोकांनी फावडी काढली आणि गाळ उपसला.

पाणी सुटलं त्या दिवशी परीक्षक पाटाच्या कडेने पाण्याबरोबर चालत निघाला. पाणी त्याच्यापेक्षा फार वेगाने जात नव्हतं, तेही दमलेलं होतं. शेवटच्या गावात निम्म्या घरांना कुलपं होती. गेलेली माणसं काही एका पाटाच्या पाण्याने परत येणार नव्हती, आणि गाय तर नाहीच. पण लेक थांबली होती. त्या दिवशी वाटायची पाळी तिची होती.

तिने घागर भरली. आधी म्हाताऱ्यांना दिलं, मग पोरांना, मग जावेला. जाऊ तिच्याशी बोलली नाही, पण भांडं पुढे केलं. मग तिने बापाच्या ओंजळीत पाण्याची धार धरली, आणि अर्ध्यावर बापाने हात मागे घेतला.

"पुरे, पोरी. तुला राहू दे."

"प्या बाबा," ती म्हणाली. "मला किती ओतायचं ते कळतं."

तो पोटभर प्याला. मग लेकीने घागर उचलली आणि तळाशी उरलेलं पाणी शांतपणे पिऊन टाकलं. ते सगळ्यांना मिळालं तेवढंच होतं.

तात्पर्य: शितावरून भाताची परीक्षा जरूर करावी, पण शीत त्याच भांड्यातलं आणि त्याच चुलीवरचं असावं.