राहीच्या तीन खोडी

एका राज्यात घोड्यांना सात पिढ्यांची वंशावळ होती आणि राजाचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनात आले नाही. माणसे शहाणी होती, आणि शहाणी माणसे फार विचारीत नाहीत.

राजाचे नाव धरणीधर. रिवाज असा, की दसऱ्याला राजाने स्वतःच्या पागेतल्या घोड्यावर बसून सीमेवरची शिळा ओलांडावी. पण अकरा वर्षे झाली, पागेतले एकही जनावर शिळेपुढे पाऊल टाकीत नव्हते. दर दसऱ्याला घोडा अडे आणि राजाच्या पायांतला दगड थोडा वर चढे. राजजोशी म्हणाला, "महाराज, बाराव्या दसऱ्याला तुम्ही सगळेच दगडाचे व्हाल. उपाय एकच. अडेल घोडीचे रक्त शिळेवर सांडा."

घोडी ठरली राही. अरबी जातीची, तांबूस रंगाची, कपाळावर चांदणी. राजकन्या इरावती तिच्याच पाठीवर लहानाची मोठी झाली होती. ती राजापुढे जाऊन उभी राहिली.

"आबासाहेब, तिचा गुन्हा काय?"

"तीन खोडी आहेत तिला. पाणी हुंगून तोंड फिरवते. परक्याला जवळ येऊ देत नाही. आणि चालता चालता अडते."

"या खोडी तिच्यात आल्या कुठून?"

"तुझ्यात ही प्रश्नांची खोड आली, तिथूनच!" राजा वैतागला. "मला काय ठाऊक? दसऱ्याला नऊ दिवस आहेत. जा."

इरावती गेली ती थेट पागेत. तिथली चाल अशी, की शिंगरू जन्मले की पागनिसाने त्याच्या कानात सात बापांची नावे सांगायची आणि ताम्रपटावर कोरायची. इरावतीने ताम्रपट उन्हात धरला. प्रत्येक बापाच्या नावाशेजारी तांबे खरवडून गुळगुळीत केलेले होते.

"इथे काय होते?" ती स्वतःशीच म्हणाली.

"आयांची नावे," पागेच्या आढ्यावरचा भारद्वाज पक्षी म्हणाला. तो पहिल्यापासून बोलत असे, त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. "वेग बापाचा, रंग बापाचा, तुम्ही सगळे मोजलेत. स्वभाव कुणाचा, ते राहिले. खरवडलेला कीस वाळूच्या टेकाडावर कंकाई चेटकिणीपाशी आहे."

इरावतीने राहीवर खोगीर घातले आणि तिसऱ्या दिवशी टेकाड गाठले. कंकाई दारात मिरच्या निवडीत बसली होती. तिच्यामागे झाकण घातलेली तीन मडकी होती.

"तीन कामे, तीन मडकी," ती मान वर न करता म्हणाली. "खाली तीन विहिरी आहेत. गोड्या विहिरीचे पाणी आण. चुकलीस तर ते तुलाच प्यावे लागेल."

राहीने पहिली विहीर हुंगून तोंड फिरवले. दुसरी हुंगून फिरवले. तिसरीचे पाणी ती घटाघट प्यायली. इरावतीने तेच भरून आणले. कंकाईने पहिले मडके तिच्या कानाशी धरले, आतून कीस बोलला, "केवडा. राहीची आई. विषारी तळ्यापाशी तिने अख्ख्या फौजेला पाणी पिऊ दिले नाही."

"आता भर दुपारी या बाभळीखाली झोप. माझे तीन चोर येतील. घोडी नेली तर नेली."

इरावती जागी झाली तेव्हा राही तिच्यावर चार पाय रोवून उभी होती आणि तीन चोर समोर बसून दंड चोळीत होते. दुसरे मडके बोलले, "सावळी. आजी. जखमी स्वारापाशी तीन दिवस उभी राहिली, लांडग्यालाही फिरकू दिले नाही."

"आता त्या खांबापर्यंत दौड. मागे वळून बघायचे नाही."

राही वाऱ्यासारखी सुटली आणि मध्येच अडली. इरावतीने टाच मारली नाही. तिने खडा उचलून पुढे टाकला. वाळूने तो गिळला.

तिसरे मडके कंकाईने आधी पदराने पुसले. "यातली घोडी मी जहाजातून उतरवून घेतली होती, पोरी. तुझ्या आजोबांच्या घोड्यांची निगा राखणारी मोतद्दार होते मी."

मडके बोलले, "जमीला. पणजी. दसऱ्याला सीमेच्या शिळेपाशी अडली. चारचौघांत अपमान झाला म्हणून तेव्हाच्या राजाने तिला तिथेच कापले. घटकाभराने पुढची दरड नदीत कोसळली."

"तुझ्या आजोबांना चूक कळली," कंकाई म्हणाली, "म्हणून तर त्यांनी आयांची नावे खरवडायला लावली. कीस मी गोळा केला. तिला मी शिळेखाली पुरले. तुझे आजोबा होते तोवर मी मुकाट राहिले. ते गेले त्या दिवशी गादीवर बसणाऱ्याला दगडाचा शाप दिला. तिच्या लेकी तिच्यावरून कशा जातील?"

दसरा उजाडला. चार माणसांनी राजाला राहीवर चढवले. शिळेपाशी राही अडली. राजाने तलवार उपसली.

"आबासाहेब, आधी विचारा तिला," इरावती म्हणाली आणि तिने तिन्ही मडकी शिळेवर उपडी केली. कीस बोलला ते साऱ्या लवाजम्याने ऐकले.

राजाने तलवार म्यान केली. तो कसाबसा उतरला, पण गुडघे वाकेनात. तो उभ्यानेच रडवेल्या आवाजात म्हणाला, "जमीला, तू बरोबर होतीस. माझे वडील चुकले." तसे त्याचे गुडघे वाकले. त्याने स्वतःच्या हातांनी शिळेखालची माती उकरली, हाडे शालीत घेतली आणि नदीकाठच्या चिंचेखाली नेऊन ठेवली. राहीने शालीला नाक लावले. मग कोणी लगाम न धरता ती शिळा ओलांडून पलीकडे गेली. मागून राजा चालत गेला. नव्या जोड्याने त्याची टाच सोलली, आणि तो ती सगळ्यांना कौतुकाने दाखवीत सुटला.

पुढच्या वर्षी राहीला शिंगरू झाले. पागनिसाने त्याच्या कानात आधी आयांची नावे सांगितली, मग बापांची. त्या संध्याकाळी इरावतीला दिवाणखान्यात राजा दिसला, हातात छिन्नी घेऊन राजघराण्याच्या वंशावळीपुढे उभा. तिथेही सगळी बापांचीच नावे होती.

"तुझ्यात प्रश्नांची खोड कुठून आली, ते सांगायचे राहिले होते ना?" तो म्हणाला. "माझ्या आईकडून. जमीलेला का मारले, असे भर दरबारात तिने एकटीने विचारले होते. तेव्हापासून तिचे नाव या वाड्यात कोणी घेतले नाही. मीही घेतले नाही."

"काय होते नाव?"

"वेणू," राजा म्हणाला, आणि छिन्नीवर पहिला घाव घातला.