बाबांच्या नावावरचे कोट

"जुन्या कपड्यावर टॅक्स कसला, भंते?"

प्रणोती गजघाटे वंदन करून नीट बसलीही नव्हती.

भंते मेत्तसेन विहारासमोरचं अंगण झाडत होते. ते ओसरीवर येऊन बसले.

तिचा धंदा गावात सगळ्यांना ठाऊक होता. नागपूरच्या घरांतून ती वापरलेले कपडे आणायची. धुऊन, शिवून, इस्त्री करून त्यांचे फोटो मोबाइलवर टाकायची आणि लांब लांबच्या गिऱ्हाइकांना विकायची. धंदा वाढला होता. यंदा सीएने तिला बजावलं, आता रिटर्न भरावं लागेल आणि टॅक्सही द्यावा लागेल.

"कपडा नवा होता तेव्हा घेणाऱ्याने टॅक्स भरलाच की. मग त्याने टाकून दिला. टाकलेलं मी उचललं. तुमच्या चीवराचंही तेच ना? पूर्वीचे भिक्खू चिंध्या वेचून चीवर शिवायचे. त्यांच्याकडे कुणी टॅक्स मागितला?"

आपलं बोलणं बिनतोड झालं, असं तिला वाटलं.

"नाही मागितला," भंते म्हणाले. "ते विकत नव्हते."

...

"विकणं वाईट आहे का, भंते?"

"मुळीच नाही. अलीकडे काय विकलंस?"

प्रणोतीचा चेहरा खुलला.

"लोकरीचा कोट! अस्तर फाटलेलं, एका बाहीला कसर लागलेली. कुणी हात लावला नसता. मी ती बाही रफू केली, अस्तर नवं घातलं. शिलाँगला गेला, भंते! त्या बाईंनी घालून फोटो पाठवला मला."

"आणखी?"

ती सांगत गेली. कुठली पैठणी कशी वाचवली, कुठल्या डागावर काय चाललं. ओसरीवर ऊन चढलं. भंते ऐकत होते.

"इतकं चांगलं काम," ते म्हणाले, "मग दडवावंसं का वाटतं?"

मग तिने मावसभाऊ स्वप्नीलची युक्ती सांगितली. आपल्याच घरचे वापरलेले कपडे विकले तर टॅक्स लागत नाही. म्हणून पैसे आईच्या खात्यात घ्यायचे आणि टॅक्सचे वाचलेले पैसे घालून यंदाच दुकान टाकायचं. कुणी विचारलंच तर आईने लिहून द्यायचं, हे आमच्या घरचेच जुने कपडे.

"आई तयार आहे?"

"अजून सांगितलं नाही. मी म्हटलं तर करेल सही."

"तो कोट कुणाचा म्हणून लिहाल?"

"लिहू की... बाबांचा."

"आणखी कोट आहेत?"

"यंदाचेच चाळीसेक निघतील."

"तेही बाबांचेच?"

...

प्रणोतीचे बाबा वीटभट्टीवर राबायचे. ती दहावीत असताना ते गेले.

"ओळखत होतो मी त्यांना," भंते म्हणाले. "थंडीत काय घालायचे गं ते?"

चाळीस कोट घातलेले बाबा डोळ्यांपुढे आले आणि प्रणोतीला हसू फुटलं. ते अर्ध्यातच मोडलं.

"पोतं," ती म्हणाली. "खांद्यावरून पोतं घ्यायचे, भंते. आईनेच शिवून दिलं होतं, दोन्ही बाजूंनी."

...

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"आणि सही आईने करायची..." ती स्वतःशीच म्हणाली.

तिने ओढणीने डोळे पुसले आणि फोन लावला.

"स्वप्नील, आईचं खातं नको. माझ्याच नावावर भरणार आहे मी... हो, सगळं. असू दे, दुकान पुढच्या वर्षी बघू. दुकान काही पळून जात नाही."

फोन ठेवला तेव्हा तिचे खांदे सैल पडले होते. पुढचं ती आपणहून बोलू लागली. रफूच्या कामाला गावातल्या दोघी यायला तयार आहेत. एकीचा हात तर तिच्याहून सफाईदार आहे.

निघताना मात्र ती पायरीवर थांबली.

"एक बोलू, भंते? बाबा जन्मभर राबले, पण कुठल्या कागदावर त्यांच्या नावाने काही नाही. ना घर, ना शेत. खोटे का होईना, निदान कोट तरी झाले असते त्यांच्या नावावर."

भंते उठून पायरीपर्यंत आले.

"त्या रिटर्नमध्ये तुझ्या नावापुढे बापाचं नाव लिहावं लागतं ना?"

"लागतं."

"मग ते ठळक लिही."