वठलेल्या गुलमोहरावरचा माशीमार

‘…मग माझ्यात कमी काय आहे, तेवढं सांगा ना बाई.’

उन्मेषनं हे विचारलं तेव्हा आम्ही सगळे बागेच्या फाटकाशी बुटांचा चिखल झटकत होतो. आवाज त्यानं खाली ठेवला होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच खाली.

आरवाडेबाई थर्मासचं झाकण लावत होत्या. ते आट्यात बसेना. त्यांनी काढलं, पुन्हा लावलं.

‘कमी काही नाही,’ त्या म्हणाल्या.

‘तीन वर्षं झाली. एक रविवार चुकवला नाही. नावं पाठ, आवाज पाठ. आणि राग मानू नका… पण पक्षी तुमच्या आधी मला दिसतो. खरं की नाही?’

‘खरं.’

‘दर वेळी?’

‘जवळजवळ दर वेळी.’

‘मग फेरीत पुढं चालायला मला कधी देणार?’

बाईंनी झाकण एकदाचं बसवलं. मग म्हणाल्या, ‘पुढच्या रविवारी तू ने.’

गडी वाद घालायच्या तयारीनं आला होता. समोरून वादच झाला नाही.

‘आणि तुम्ही?’

‘मी मागून येईन. गुडघ्यांनाही बरं.’

आमच्या सांगलीत नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक जुनी बाग आहे. दसरा झाला की दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिथं जमतो. त्या दिवसांत उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरायला लागतात. धोबी येतात, थिरथिरे येतात, पानांत लपणारे चिमुकले वटवटे येतात. काही इथं थंडी काढतात. काही दोन दिवस दम घेतात आणि पुढं जातात.

आरवाडेबाईंनी हे सुरू केलं. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्या तीस वर्षं मदतनीस होत्या. शिकवलं त्यांनी कधी कुणाला नाही, पण सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं.

फेरीची एक रीत आहे. फेरी संपली की बकुळीखाली गोल करून उभं राहायचं. बाई वही उघडतात, एकेक नाव पुकारतात. ज्यानं तो पक्षी पाहिला त्यानं हात वर करायचा. दोन हात आले तर नाव वहीत जातं. एकच आला तर जात नाही, मग तो हात कलेक्टरचा का असेना.

बाईंचा स्वतःचा हात कधी वर जायचा नाही. उन्मेष त्यावर हळूच हसायचा. ‘वय झालं आता,’ म्हणायचा. मायेनंच म्हणायचा, पण म्हणायचा.

त्या रविवारी आम्ही बाईंना धरून बावीस जण होतो, आणि पुढं उन्मेष.

खोटं कशाला बोलू, पोरानं छान नेलं. नुसत्या आवाजावरून तो नाव सांगायचा, आणि पक्षी तिथंच असायचा. विजेच्या तारेवर खाटीक. पाण्याच्या टाकीवर धोबी. आठ वाजेपर्यंत चाळीसच्या वर नावं झाली. इकडे बघा, तिकडे बघा… आमच्या माना दुखायला लागल्या.

बाई सगळ्यांच्या मागं होत्या. त्यांच्याबरोबर रामलिंगमामा कोष्टी. मामा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्याकडे दुर्बीण नाही. मागतही नाहीत कुणाची.

बागेच्या कोपऱ्यात एक वठलेला गुलमोहर आहे. तिथं उन्मेषनं एकदम हात वर केला.

‘थांबा… कुणी हलू नका.’

त्याचा आवाज बदलला होता.

‘ठिपकेदार माशीमार. आपल्या बागेत पहिल्यांदा. बाई, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!’

‘कुठं?’

‘ती वरची फांदी… नाही, तिच्या उजवीकडची… तिचं टोक…’

एकवीस जणांनी एकवीस फांद्या धरल्या. मला तर नुसतं आभाळ दिसत होतं.

तोवर उन्मेषनं कॅमेरा डोळ्याला लावला होता. खटाखट खटाखट… मग तो आमच्याकडे वळला. चेहरा नुसता फुलला होता.

‘मिळाला! हे बघा.’

आम्ही त्याच्याभोवती गोळा झालो. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या त्या एवढ्याशा पडद्यावर चिमणीएवढा एक मातकट पक्षी बसला होता. उन्मेषनं तो मोठा केला. कपाळावरच्या बारीक रेघा दाखवल्या. छातीवरच्या दाखवल्या.

‘तपकिरी माशीमाराला या नसतात. हा इथं राहत नाही. हा आफ्रिकेला चाललाय. समुद्र ओलांडून जाईल हा!’

‘बाप रे, एवढासा जीव!’ कुणीतरी म्हणालं.

मागच्यांना दिसेना म्हणून पुढचे वाकले. मग मागचे पुढं आले. रामलिंगमामाही येऊन वाकले. मीही दोनदा डोकं घातलं. मजा आली, नाही कशाला म्हणू.

बाई तेवढ्या आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मला वाटलं, त्यांना एवढ्या बारीक पडद्यावरचं दिसत नसेल.

नऊला आम्ही बकुळीखाली आलो. वही बाईंनी स्वतःकडे ठेवली, पुकारायला उन्मेषला सांगितलं.

धोबी… हात. खाटीक… हात. थिरथिरा… हात. नावं भराभर जात होती.

शेवटचं नाव त्यानं मुद्दाम मागं ठेवलं होतं.

‘ठिपकेदार माशीमार!’

सगळ्यांचे हात वर. माझा तर सगळ्यांच्या आधी.

बाईंनी पेन टेकवलं नाही.

‘फांदीवरून उठून कुठं गेला रे तो?’ त्यांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला.

‘परत त्याच फांदीवर आला, का दुसरीकडे बसला?’

…

माझा हात मला जड व्हायला लागला. मी तो खाली घेतला. शेजारच्यानं डोकं खाजवायच्या निमित्तानं घेतला. एकेक करत सगळे खाली आले. रामलिंगमामांनी मुळात वर केलाच नव्हता.

उन्मेषचा तेवढा वर होता.

‘मी सांगतो,’ तो म्हणाला. ‘उठला, हवेत माशी धरली आणि परत तिथंच येऊन बसला.’

‘बरोबर. तीनदा.’

‘तीनदा? एकदाच, बाई.’

‘दोनदा तुम्ही फोटो बघत होता तेव्हा.’

उन्मेषचा चेहरा उजळला. ‘म्हणजे तुम्ही पाहिलात! मग झाले की दोन. तुमचा एक, माझा एक. लिहा.’

बाईंनी वही काखेत धरली आणि हात वर केला.

सात वह्या झाल्या आमच्या. मी पहिलीपासून आहे. बाईंचा हात वर गेलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

‘हा एक,’ त्या म्हणाल्या. ‘दुसरा कुणाचा?’

‘माझा! हा काय!’

‘तू नेत होतास.’

‘म्हणजे?’

‘नेणाऱ्याचा धरत नाहीत.’

‘असं कुठं लिहिलंय?’

‘लिहिलं नाही कुठं.’

उन्मेष चिडला. त्याच्या जागी मीही चिडलो असतो. ‘बाई, फोटो आहे! त्याच्या कपाळावरची रेघ न् रेघ मोजता येते. अख्खं जग फोटो पुरावा म्हणून धरतं.’

‘मग जगाला पाठव की. पाठवच. चांगला आलाय फोटो.’

‘आणि ही वही?’

‘ही या बागेत फिरणाऱ्यांची आहे.’

‘एकोणीस वर्षांतली पहिली नोंद… एका हातासाठी घालवायची?’

 वर केलेला हात बाईंनी अजून तसाच धरला होता. वयाच्या मानानं बराच वेळ.

तेव्हा रामलिंगमामांनी घसा खाकरला.

‘उन्मेषराव, एक इचारू का? रागवायचं न्हाई.’

‘विचारा.’

‘तुमाला बाईंच्या आदी पक्षी दिसतोय, असं तुमी म्हनता. मला बी दिसतोय की. दुर्बीन नसून दिसतोय. बाई चालता चालता थांबल्या की मी थांबतो. त्या बुटाची नाडी बांदाय वाकतात, न्हाईतर पानी प्यायला बाटली काडतात. त्यांचं तोंड ज्या अंगाला असतंय, तिकडं बगत ऱ्हायचं. घटकाभरानं काय तर हालतंयच.’

कुणी हसलं नाही.

‘तुमी बी तसंच करत असनार, असं मला वाटायचं,’ मामा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती.

उन्मेष बाईंकडे पाहत राहिला.

‘बाई… तुम्हाला आधी दिसायचे?’

बाईंनी हात खाली घेतला आणि खांदा चोळला.

‘सगळे?’

त्या चष्मा पुसायला लागल्या.

माझ्या डोळ्यांपुढून सगळे रविवार गेले. पहिला हळद्या मी माझा मीच शोधला होता, असं घरी सांगितलं होतं. पोरांना, सुनेला, शेजाऱ्यांना. बाई तेव्हा माझ्यापुढं चार पावलांवर थांबून पदराला लागलेली कुसळं काढत होत्या. एवढी वर्षं मी तेवढं सोडून सगळं लक्षात ठेवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

उन्मेषनं गळ्यातला कॅमेरा काढला, रामलिंगमामांच्या हातात दिला आणि गुलमोहराकडे चालायला लागला. कुणाला चला म्हणाला नाही. आम्ही आपोआप मागून निघालो.

या वेळी कुणी बोललं नाही, की कुणी कुणाला ढकललं नाही.

फांदीचं टोक मला आता नीट दिसलं. साल गेलेली, पांढुरकी फांदी. तिच्यावर काही नव्हतं.

आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. ऊन चटका द्यायला लागलं. एक कावळा येऊन बसला, आम्हाला पाहून उडाला. पलीकडच्या रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. तरी कुणी फांदीवरची नजर काढली नाही.

‘उद्या येईल का, बाई?’ उन्मेषनं विचारलं.

‘तो पुढं निघाला असेल.’

‘पुढच्या वर्षी?’

‘काय सांगावं.’

तो झाडाच्या बुंध्याशी खाली बसला. तीन वर्षं ज्या रविवारची वाट पाहिली, तो असा गेला होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्यानं लपवलेही नाहीत. मला तो त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

‘मला नाही जमलं, बाई. तुम्हीच न्या पुढच्या वेळी.’

बाई त्याच्याजवळ गेल्या. गुडघ्यावर हात टेकून, बेतानं, त्याच्या शेजारी मातीत बसल्या. काखेतली वही काढून त्याच्या मांडीवर ठेवली. वर पेन ठेवलं.

‘घे. आजचं पान नेणाऱ्यानं लिहायचं.’

ती वही दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली मी कधी पाहिली नव्हती. उन्मेषला ती उघडायचाच धीर होईना. मग त्यानं उघडली. तारीख घातली. धोबी लिहिला, खाटीक लिहिला, थिरथिरा लिहिला. अक्षर नीट काढत होता. बेचाळीस नावं झाली.

त्रेचाळिसाव्या आकड्याशी पेन थांबलं.

‘इथं काय करू?’

बाई फांदीकडे पाहत होत्या.

‘नाव तर लिहायचं नाही. रिकामं सोडलं तर उद्या वाचणारा म्हणेल, तो इथं आलाच नाही…’

…

‘बाई, सांगा ना. काय लिहू?’

‘तो आला होता,’ बाई म्हणाल्या. ‘आपण कुठं होतो, तेवढं लिही.’